टरफलांची आग

काजूची टरफलं जळाल्याचा उग्र वास आला की मला कुडाळजवळचा एक काजू कारखाना आठवतो. तिथल्या बायकांना आग विझवायला शिकवायला गेले होते. तक्ते दाखवून झाल्यावर विचारलं, "आग लागली तर काय कराल?" "भायर पळाचा!" सगळ्या हसल्या. मग मी अंगणात घमेल्यात टरफलं पेटवली. टरफलांतल्या तेलामुळे ती भडकलीच. समोरच्या बाईच्या हातात मी आग विझवायचा सिलिंडर दिला. "माका भय वाटता," ती म्हणाली. "मी बाजूलाच आहे," मी म्हटलं. तिने थरथरत पिन ओढली, खटका दाबला, पांढरी पूड उडाली आणि आग विझली. तोंडावरची पूड पुसत ती म्हणाली, "परत पेटवा, मॅडम. आता हात थरथराचो नाय." बाकीच्याही पुढे सरसावल्या. तेव्हापासून कुठेही शिकवायला गेले की मी आधी आग पेटवते, बोलते नंतर.