पोळपाट उचलून आणला तेव्हा

मला त्या बायकांचा हेवा वाटतो. सरळच सांगतो. माझी शहाडची कंपनी बंद पडली ती पडलीच, गेटात आता झाडं उगवलीत. आणि यांचं डोंबिवलीतलं पोळी-भाजी केंद्र मरता मरता उठून बसलं. तेही माझी बायको गेल्यावर.

केंद्र तिनेच चार बायका गोळा करून सुरू केलेलं. जमिनीवर ओळीने बसायच्या. एक गोळे करणार, मधे ही लाटणार, पलीकडची भाजणार. ही गेली आणि बायकांनी तिची जागा तशीच ठेवली. पोळपाटाला हळदकुंकू वाहिलं, त्याच्यापुढे कोणी बसेना. पलीकडची एकटीच उपड्या परातीवर लाटायची नि भाजायची. पोळ्या करपायला लागल्या, डबे उशिरा जायला लागले, गिऱ्हाईक तुटलं. मला मात्र बरं वाटायचं. घरात तिची उशी तशीच, तिथे पोळपाट तसाच. केंद्र बंद पडलं तर पडू दे.

मग टिटवाळ्याची एक बाई नवीन लागली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी हळदकुंकू पुसून लाटायला बसली. मी डबा न्यायला गेलेलो, बघतो तर पोळपाटापुढे ही नवी बाई.

"ए बाई, ऊठ. ती जागा माझ्या बायकोची आहे."

"काका, तुमच्याच डब्याच्या पोळ्या लाटतेय. उठू की लाटू?"

बाकीच्या हसल्या. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या, तेच जास्त लागलं. त्यांच्यातली सगळ्यात मोठी म्हणाली, "भाऊजी, जागा अडवून ती परत यायचीय का? ती असती तर तिनेच आम्हाला लाटण्याने हाणलं असतं."

मी पोळपाट उचलला आणि पीठ सांडत घरी आणला. म्हटलं, आता बसा. तर ह्यांनी ओट्यावरच लाटायला घेतलं, उभ्याने. खाली बसवत नाही म्हणून, गुडघ्यांपायी सोडून गेलेल्या जुन्या दोघी परत आल्या. आता घोडबंदर रोडच्या ऑफिसांत यांचे डबे जातात. ती असती तर एवढं झालं नसतं, असं माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही. पण मला ऐकू येतं.

वर्षश्राद्धाच्या पुरणपोळ्या केंद्रातच करायच्या ठरल्या. आदल्या दिवशी टिटवाळावाली दारात उभी.

"काका, पुरणाची पोळी ओट्यावरून उचलताना फाटते. पोळपाट असला की सरळ तव्यावर उपडा करता येतो. काकींच्या नावाची पोळी फाटकी वाढू का?"

पोळपाट पुसला आणि घेऊन गेलो. तिने पोळी लाटली, पोळपाट तव्यावर धरला आणि मनगट झटकलं. अगदी हिच्यासारखं. हिला तर तिने कधी बघितलंसुद्धा नाही. मोठीने शिकवलं म्हणे. माझ्या घरात बायकोचं असं हलतं-चालतं काहीच उरलं नाही, आणि ह्या परक्या बाईच्या मनगटात आहे. तरी तीन पोळ्या खाल्ल्या.

निघताना तिने पोळपाट धुऊन माझ्यापुढे धरला.

"ठेव इथेच," मी म्हटलं. "पण उन्हात वाळवू नकोस. तडकेल."