उंबऱ्यावर बसलेली सरपंच

मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर मोतीबाई निवडून आली, सरपंच झाली, गुलालही तिच्याच कपाळी लागला. खुर्चीवर मात्र रामसिंग बसला. रामसिंग तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ; पदाने उपसरपंच, देहाने दोन सरपंच. नवरा अमरसिंग ऊसतोडीला गेलेला. तो असता तरी भावापुढे "हो दादा" याच्यापलीकडे त्याची जीभ वळली नसती.

पहिल्याच सभेत मोतीबाई खुर्चीकडे निघाली, तसा रामसिंग ग्रामसेवकाकडे तोंड करून बोलला. भासरा सुनेशी थेट बोलत नसतो ना.

"विकासभाऊ, तिले सांगा, भासऱ्यापुढं सून खुर्चीवर बसत नसते. रीत हाये. दारापाशी बसावं, सही लागली तं सांगू."

दोघं चार हातांवर होती, तरी विकासने निरोप पोचवला. गरीब माणूस, बदलीला भिणारा.

सहा महिने मोतीबाई दारापाशी बसली. राग तर असा यायचा की भाकरी थापता थापता कागदासारखी पातळ व्हायची. मग एका सकाळी चुलीपुढे तिच्या डोक्यात आलं, की रीत काही एकट्या रामसिंगच्या खिशातली नाही.

त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पंचायतीत आली. हातभर घुंगट ओढला आणि उंबऱ्याच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसली. आता तांड्याची रीत अशी, की सून वाटेत बसली असेल तर सासऱ्याने, भासऱ्याने तिला ओलांडायचं नाही, तिच्या पदराला धक्काही लागता कामा नये. आणि पंचायतीतला एकूण एक पुरुष नात्याने तिचा सासरा, नाहीतर भासरा. सगळी सभा बाहेर उन्हात उभी राहिली.

"विकासभाऊ, तिले सांगा, बाजूले सरक."

"विकासभाऊ, त्याह्यले सांगा, दारापाशी बसाले त्याह्यनंच सांगतलं. बसली मी."

घोषणा नाही, फलक नाही, कोणाला उणा शब्द नाही. उलट बाहेरच्यांसाठी तिने माठ भरून ठेवला होता. कोणी चक्कर येऊन पडला तर पाप कोणाच्या माथी? दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरची सून मंजू आणि आणखी चार सुना निवडायची तूर घेऊन तिला खेटून बसल्या.

चौथ्या दिवशी रामसिंगचा धीर सुटला. मागच्या खिडकीचे गज कोणीतरी केव्हाच लांबवले होते. त्याने तिथून डोकं घातलं. डोकं गेलं, खांदे गेले, पोट मात्र नाही म्हणालं. अर्धा रामसिंग कार्यालयात, अर्धा बाहेर एरंडीच्या झुडपात. विकासने मागून पाय ओढले, तर त्याच्या हातात नुसते जोडे आले. आता आतूनच कोणी ढकलायला हवं होतं, आणि दारात तर सगळ्या सुनाच सुना.

"विकासभाऊ, तिले सांगा, जरा हात लाव म्हना."

मोतीबाई उठून आत आली. हसू दाबून दाबून तिचं पोट दुखायला लागलं होतं. पण लाल झालेले ते कान बघून तिला दयाही आली, खोटं कशाला बोला.

"विकासभाऊ, त्याह्यले सांगा, सुनेनं भासऱ्याले हात लावू नये. रीत हाये. सरपंचानं लावला तं चालते."

रामसिंगने खिडकीत आणखी एकदा अंग घुसळून बघितलं. मग ती सून होऊन आल्यापासूनच्या बारा वर्षांत पहिल्यांदा रामसिंग तिच्याशी थेट बोलला.

"सरपंचबाई, ढकला."

खिडकी उंच होती. मोतीबाईने ती खुर्ची ओढली, वर चढली आणि दोन्ही हातांनी असा रेटा दिला की रामसिंग थेट एरंडीत.

पानं झटकत तो पुढच्या दाराने आला तेव्हा सुनांनी वाट दिली होती. मोतीबाई खुर्चीवर बसली होती. तो मुकाट्याने दारापाशी टेकू लागला.

"तिथं कायले, दादा?" ती त्याच्याकडेच बघून म्हणाली. "ही बाजूची खुर्ची हाये ना. बसा. सही लागली तं सांगीन."