मावशीनं दिलेली गाणी

पुस्तकाची कच्ची प्रत हातात आली तेव्हा मावशीच्या पुस्तकात मावशी सोडून सगळे होते.

बीडच्या छापखान्यात टायपिंग करणारा गृहस्थ मोठा कामसू. मी त्याला फक्त गाणी दिली होती. अनुक्रमणिका त्यानं स्वतःच्या डोक्यानं केली. प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं बघितलं आणि त्यात जे नाव सापडलं ते कवी म्हणून घालून दिलं. त्याला हसावं तर कसं हसावं? भजनं ऐकत वाढलेला आपल्याकडचा कुणीही माणूस हेच करील. शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव येतं त्याचं गाणं. त्याला छाप म्हणतात आणि छाप म्हणजे सहीच.

पण मावशीच्या गाण्यांचं तसं नव्हतं; ज्याच्यासाठी गाणं, त्याचंच नाव ती शेवटी घालायची. त्यामुळं त्या अनुक्रमणिकेत दोन माजी सरपंच कवी झाले होते. कितीतरी नवऱ्यामुलींचे मामा कवी झाले होते. पंचायत समितीला पडलेला एक उमेदवार आणि त्याला पाडणारा उमेदवार शेजारी शेजारी कवी म्हणून बसले होते. एका पानावर तर कवी म्हणून बैलाचं नाव होतं, कारण ते गाणं पोळ्याला एकाच्या बैलावर केलेलं होतं. मावशीचं नाव होतं आतल्या पानावर, खाली, बारीक अक्षरात. ‘गायन’ म्हणून.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिचं सासर सिरसाळ्याच्या पलीकडच्या एका गावात. ती शाळेत चौथीपर्यंत गेली आणि गाणी मात्र आयुष्यभर करत राहिली. हळदीची, डोहाळजेवणाची, बारशाची. ऊसतोडीला गेली त्या सालांत ट्रकमध्ये बसून केलेली. बचत गटाची, पोलिओच्या डोसाची. निवडणुकीला तिनं एकाच चालीवर दोन्ही पार्ट्यांना गाणी दिली आणि दोघांच्या प्रचाराच्या रिक्षा एकाच चौकात समोरासमोर आल्या तेव्हा बायका फिदीफिदी हसल्या. शेजारच्या खालांनी उरुसासाठी मागितली म्हणून कव्वालीसुद्धा केली: ‘पीरा, तेरे दर पो आई, खाली झोली नक्को भेज’. आणि भजनं. भजनं गावच्या मंडळासाठी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, एम.ए. झाले, आष्टीला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. हे पुस्तक करायचं मीच ठरवलं. सुट्टीत जाऊन मावशीला फोनसमोर बसवलं, गाणी भरून घेतली, ऐकून ऐकून उतरवली. ‘कावून’चं ‘का’ केलं नाही, ‘लई’चं ‘फार’ केलं नाही. चांगलं काम केलंय मी, आणि ते मला ठाऊक आहे.

तर ती कच्ची प्रत घेऊन मी मावशीकडं गेले. ती ओसरीत शेंगा फोडत होती. मी एकेक नाव वाचत गेले. बैलापाशी तिला इतकं हसू आलं की सूप खाली ठेवावं लागलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “त्या बैलाला तेवढं तरी मिळालं. मालकानं कवाच इकला त्याला.”

पुढं भजनं आली. सगळ्या भजनांपुढं एकच नाव होतं, गावच्या बुवांचं. बुवा म्हणजे मावशीच्या गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. मावशीनं भजन करायचं, शेवटी ‘दास’ लावून बुवांचं नाव घालायचं आणि बुवांनी ते सप्त्यात माईकवर म्हणायचं, असं चालत आलेलं. आजूबाजूच्या पंधरा गावांत ती बुवांचीच भजनं म्हणून माहीत.

मावशीचं हसणं थांबलं. शेंगा फोडणंही थांबलं.

“हे बी बुवांच्याच नावावर?”

“छाप त्यांची आहे ना मावशे.”

“छाप त्यांची हाय. भजन माझं हाय.” ती सुपातली टरफलं उगीच इकडून तिकडं करत राहिली. “बाकीचं काही का लिहिना. सरपंच लिहू दे, मामा लिहू दे. लग्नाची गाणी लग्नापुरती. पर भजन करताना मी चुलीपुढं बसून रडलेली हाय. ते माझ्या नावानं आलं पायजे. मी जित्ती हाय आन् बुवा जित्ते हायेत तंवर आलं पायजे. मागून कोण सांगणार?”

मी म्हणाले, “सोपं आहे. शेवटच्या ओळी काढून टाकते. वर तुझं नाव घालते.”

“काढून?” ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी तिच्या लुगड्याचा पदर कापायला निघालेय. “मास्तरीण झालीस तरी अक्कल न्हाई आली. दिलेलं काढून घ्यायचं आसतं व्हय? ते त्यांना दिलं. दिलं ते दिलं.”

मला त्या शब्दापाशी थबकायला झालं. उतरवताना मी तो कितीदा ऐकला होता. मावशी कधी ‘गाणं लिहिलं’ म्हणत नाही. गाणं ‘केलं’ म्हणते, आणि पुढं लगेच ‘अमक्याला दिलं’. सरपंचाला दिलं, पोरीच्या मामाला दिलं, खालांना दिलं. मी पेन काढलं आणि अनुक्रमणिकेत जिथं जिथं ‘कवी’ छापलं होतं तिथं तिथं ते खोडून ‘कुणाला दिलं’ असं लिहिलं. नावं होती तशीच राहिली. मग तिला वाचून दाखवलं. कुणाला दिलं: माजी सरपंच. कुणाला दिलं: मुलीचा मामा. कुणाला दिलं: बैल.

“आता एवढ्या लोकांना दिलं म्हटल्यावर देणारं कुणीतरी पाहिजे की नको?” मी विचारलं. “ते नाव मुखपृष्ठावर. मोठं.”

मावशीनं एक शेंग फोडून माझ्या हातावर दाणे ठेवले. तिला पटलं होतं. पण लगेच म्हणाली, “बुवांनी हो म्हणलं तर. त्यांनी घेतलं न्हाई म्हणलं तर भजनं छापू नको. गावात माझं तोंड दिसायला पायजे.”

“आणि भजनंच नसतील तर?”

“तर पुस्तक बी नको.”

म्हणजे सगळं बुवांच्या एका ‘हो’वर येऊन थांबलं.

एकादशीच्या दुपारी मंडळ देवळात बसतं. आम्ही गेलो तेव्हा बुवा पखवाजाला कणीक लावत होते. सात-आठ माणसं टाळ पुढ्यात ठेवून गप्पा हाणत होती. बायका खांबाच्या मागं. मी बुवांना नमस्कार केला आणि सरळ सांगितलं, पुस्तक येतंय, त्यात ही भजनं आहेत, आणि त्यावर ‘बुवांना दिलं’ असं छापायचंय.

बुवा माणूस वाईट नाही. पण त्यांचा चेहरा उतरला. कणकेचा गोळा हातात तसाच राहिला.

“दिलं म्हंजे?” ते म्हणाले. “ताई, तुमी शिकलेल्या हात. छाप कुणाची हाय ते बघा. आन् चाल कुणी लावली? मी लावली. वैनींनी शब्दं सांगितले आसतील, मी न्हाई म्हणत न्हाई. पर दिलं म्हणलं की मी हात पसरल्यावानी होतं.”

टाळवाले खाली बघायला लागले. एकजण हळूच म्हणाला, “जाऊ द्या बुवा, बाईमाणूस हाय.” त्यानं तर आणखीच बिघडलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीनं माझं मनगट दाबलं. ती खांबाच्या मागून पुढं आली आणि बुवांसमोर मांडी घालून बसली. तिथं बाई बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

“ऱ्हाऊ द्या ते पुस्तक,” ती म्हणाली. “बुवा, नवं भजन झालंय. पायजे का?”

बुवांचे डोळे लगेच चमकले. सप्ता तोंडावर आला होता.

“द्या की, वैनी!” ते म्हणाले.

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तो मघाचाच टाळवाला फस्सकन हसला. “बुवा, आता काय म्हणलात?”

“काय म्हणलं? द्या म्हणलं...” आणि बुवा थांबले. त्यांनी हातातल्या कणकेकडं बघितलं, मावशीकडं बघितलं. मावशी हसली नाही, तेवढं तिनं सांभाळलं. बाकी सगळं देऊळ हसत होतं. बायका पदर तोंडाला लावून. शेवटी बुवांनाही राहवेना.

“लई बेरकी हाय ही बाई,” ते म्हणाले. “छापा, ताई. बुवांना दिलं, आसं छापा. बुवांनी मागून घेतलं, आसंबी छापा वाटलं तर.”

मी ते तिथंच, त्यांच्यासमोर लिहून घेतलं.

“आता भजन तर सांगा,” बुवा म्हणाले. आणि मावशीनं म्हटलं, बसल्या जागी, टाळ नाही की काही नाही:

हापसा मारता मारता हात माझे थकले ना,
घागर भरली गावाची, पाणी कधी इकले ना.

दुसऱ्यांदा बुवांनी पखवाजावर हलका हात धरला. तिसऱ्यांदा सगळ्यांनी झील धरली. शेवटच्या कडव्यापाशी मावशी आली आणि अडली.

“थांबलात कावून? टाका छाप,” बुवा म्हणाले. “माझी टाका न्हाईतर कुणाची टाका.”

“माझी हाय,” मावशी म्हणाली. “पर बसंना. माझं नाव आखूड पडायलंय.”

बुवांनी बोटांवर मात्रा मोजल्या. खरंच, जागा उरत होती. हे त्यांच्या कामाचं होतं, ते पुढं सरकले. “पुढं ‘दासी’ लावा. दासी अमकी म्हणे. बरोब्बर बसतंय.”

“दासी कुणाची?”

“देवाची, वैनी.”

“देवानं मला कदी भांडी घासायला बोलावलं न्हाई. मी न्हाई कुणाची दासी. नावापुढं ‘बाई’ लावा.”

“भजनाच्या छापंत ‘बाई’? आजवर कुणी ऐकलंय?”

“मग काय ‘बुवा’ लावू?”

टाळवाल्यानं टाळ खणकन वाजवला. बुवा मान हलवत पुटपुटले, पुन्हा मात्रा मोजल्या, एकदा ‘बाई’ घालून हळू म्हणून बघितलं, मग मोठ्यानं. बसत होतं. मला म्हणाले, “ताई, लिहा. ‘बाई’तली ‘ई’ जरा लांबवायची, तसं कुठंतरी लिहा.”

“लांबवायची न्हाई,” मावशी म्हणाली. “हाय तेवढीच.”

त्या एका ‘ई’वर दोघं ऊन उतरेपर्यंत भांडत होती, आणि मी पेनचं टोपण लावलं नव्हतं.