परत येण्याचा पुरावा

परदेशी जायला काय काय लागतं ते विचारायला मी नवीन जालन्यातल्या एका व्हिसावाल्याकडे गेले, तेव्हा माझ्याकडे कागदांची जाडजूड पिशवी होती. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेल्या बाईचे कागद नीट लावलेलेच असतात. पासपोर्ट, फोटो, पेन्शनचं पासबुक, लेकीचं आमंत्रणाचं पत्र. लेक ऑस्ट्रेलियात, तिला सातवा महिना लागलेला, आणि मला तिच्या बाळंतपणाला पोचायचं होतं. दुसरं काही नको होतं.

त्याने पिशवी चाळली. बियाणं नेऊ नका, तूप नेऊ नका, घरचा मसाला नेलात तर तिकडच्या फॉर्मवर तसं लिहा, असं भराभर सांगितलं. आमच्या बियाण्यांच्या गावात बसून बियाणं नेऊ नका हे ऐकताना मला हसू आलं. मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही वापस येणार याचा पुरावा कुठंय?"

"म्हणजे?"

"इथं तुम्हाला बांधून ठेवणारं काय हाय? नवरा, लेकरं, नोकरी, जमीन. एक तरी पाहिजे. न्हाई तर त्यांना वाटतं, बाई आली की राहूनच जाईल."

नवरा जाऊन सहा वर्षं झाली. लेकरू एकच, आणि तेच तिकडे. नोकरी संपली, घर भाड्याचं. राहिली परतूरकडची वडिलांची काळी जमीन. वडील गेल्यावर मी कचेरीत जाऊन हक्कसोडावर सही केली आणि माझा वाटा भावाच्या नावे करून दिला. आमच्याकडे बहिणी देतातच. भावाने साडी नेसवली, आणि माहेर शाबूत राहिलं या आनंदात मी जालन्याला परतले. त्या सहीची मला एकदाही हळहळ वाटली नव्हती.

रविवारी परतूरची गाडी धरली. भावजयीने गरम भाकरी वाढली, तरी माझी जीभ रेटेना. शेवटी सात-बाऱ्याचा विषय काढला तसा भावाचा हात ताटातच थांबला.

"आक्का, जमीन वापस पाहिजे का तुला?"

हे त्याने रागाने नाही, घाबरून विचारलं. मला माझीच चीड आली. सगळं समजावून सांगितलं, तेव्हा कुठे त्याने पुढचा घास घेतला.

"मंग नाव चढवू की तुझं. उद्याच जातो तलाठ्याकडं."

"त्याला महिने लागतील रे. तोवर नातवंड रांगायला लागेल."

हात धुऊन त्याने वहीचं एक पान फाडलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'ही माझी मोठी बहीण. हिचं माहेर इथं हाय. ही वापस येईल. आम्ही वाट पाहून राह्यलो.' खाली सही. शुद्धलेखन तपासायचं म्हणून मी कागद हातात घेतला, पण डोळे भरल्यामुळे अक्षरच दिसेना.

त्याला मी माझंही पत्र जोडलं. बाळंतपण आटोपून तीन महिन्यांत मी परत येईन, मला तिथे कायम राहण्याची इच्छा नाही. दोन्ही कागदांचे फोटो लेकीला पाठवले, कारण फॉर्म तीच भरत होती. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, इच्छा न्हाई, हे त्यांच्यासाठी लिहिलंस का खरंच?"

खरं सांगायचं तर एकटीपुरता कुकर लावायचा मला कंटाळा आला आहे. मला तिच्याजवळ राहायचं आहे, तीन महिने नाही, कायमचं. पण हे बोलले असते तर तिने मला तिथून परत सोडलंच नसतं आणि मीही निघाले नसते. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा कुणा परक्या सरकारला शब्द देत होता, आणि तो माझ्या भरवशावर.

"खरंच," मी म्हणाले. वर्गात असते तर या उत्तराला मी शून्य दिलं असतं.

ती थोडा वेळ पोटावरून हात फिरवत राहिली. मग तिने दुसराच विषय काढला.

व्हिसा आला. तीन महिन्यांचा. लेकीने त्याच दिवशी तिकीट काढलं आणि फोन केला.

"परतीचंही काढून टाकलं, आई. तुझं मन तिकडंच रमतं ना."

"बरं केलंस," मी म्हणाले. परतीची तारीख कोणती, ते मात्र माझ्याने विचारवलं नाही.