चाचांची डी ड्राइव्ह

नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मी वीस वर्षं काढली आणि त्यातली पंधरा तरी लोकांच्या मशीनमधली सुरक्षा बंद करून देण्यात गेली. चोरीमारी केली असं नाही. उलट त्यासाठीच लोक मला हुशार समजायचे. आमच्याकडच्या लग्नपत्रिकावाल्यांकडं, बॅनरवाल्यांकडं मराठी आणि उर्दू अक्षरांची जुनी सॉफ्टवेअरं असायची, कुठून कुठून हातोहात आलेली, कुलूप तोडलेली. सिस्टीमचा स्वतःचा अँटिव्हायरस असल्या सॉफ्टवेअरला बघताक्षणी पकडायचा आणि उचलून बाजूला टाकायचा. मग फोन यायचा, "साहेब, अपडेट झालं अन् अक्षरंच गायब झाली की हो." मी जायचो, ढालीच्या चिन्हावर क्लिक करायचो, एकेक बटण बंद करायचो आणि अक्षरं परत आणून द्यायचो. पाच मिनिटांचं काम. मशीन असं उघडंबोडकं करून दिलं की गिऱ्हाईक खूश आणि मी त्याहून खूश.

सगळे मला साहेब म्हणायचे. एकटे चाचा तेवढे बेटा म्हणायचे.

चाचा म्हणजे जुन्या नांदेडातले कातिब, उर्दू हस्ताक्षराचे कारागीर. बोरूनं लग्नाचे रुक्के लिहायचे. मुसलमान घरांत पत्रिकेला रुक्काच म्हणतात, आणि चाचांच्या हातचा रुक्का म्हणजे लग्नाची पहिली शोभा. मी भोकरहून येऊन दुकान टाकलं तेव्हा गावात मला कुत्रं विचारत नव्हतं. त्या दिवसांत चाचांनी स्वतःहून माझ्या दुकानाची पाटी रंगवून दिली. वर मराठी, खाली उर्दू. मराठी अक्षरंही त्यांच्या हातातून अशी गोल उतरली होती की लोक पाटी बघायला थांबायचे.

पुढं चाचांच्या हाताला कंप सुटला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची पाळी आली, तिथं बोरू कुठला धरणार! तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलीनं एक काम डोक्यावर घेतलं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. चाचांनी जन्मभर लिहिलेल्या कागदांची एक पत्र्याची ट्रंक होती, ती तिनं उघडली. एकेक कागद स्कॅन केला आणि त्यातला एकेक शब्द वेगळा कापून ठेवला. बिस्मिल्लाहचे कितीतरी आकार, नवऱ्या मुलांची नावं, मुलींची नावं, उमरी, भोकर, देगलूर अशी गावांची नावं. कॉलेज सांभाळून दोन वर्षं ती हेच करत होती. नवीन रुक्का आला की त्या साठ्यातून शब्द उचलायची आणि वडिलांच्याच अक्षरात जुळवायची. लोकांना चाचांच्या हातचा रुक्का मिळत राहिला. चाचा तिच्या खुर्चीमागं उभे राहून "अलिफ जरा वर घे" एवढंच सांगायचे. तो सगळा साठा डी ड्राइव्हवर होता. चाचांचा हात आता तिथं होता म्हणा ना.

ट्रंकेत वाळवी लागली तेव्हा चाचांनी मला बोलावलं. त्या कागदांवर ठिकठिकाणी अल्लाचं नाव, ते रद्दीत द्यायचे नसतात. वाहत्या पाण्यात सोडतात, त्याला ठंडे करणं म्हणतात.

"बेटा, मशीनमध्ये पक्कं हाय ना सगळं?" चाचांनी विचारलं. "मग हे ठंडे करू का?"

"खुशाल करा," मी म्हणालो. "आता कागदाचा जमाना राहिला का चाचा?"

आम्ही तिघं ऑटोनं गोदावरीच्या घाटावर गेलो. गठ्ठे मी स्वतः पाण्यापर्यंत वाहून नेले. शेवटचा गठ्ठा चाचांनी बराच वेळ हातात धरून ठेवला होता. मी घाई केली, मला एका बँकेत प्रिंटर बघायला जायचं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी सिस्टीमचा मोठा अपडेट आला. त्यात सुरक्षेच्या बऱ्याच सोयी एकाच जागी आणल्या होत्या. त्यातली एक अशी, की तुम्ही ठरवाल त्या फोल्डरमधल्या फायलींना अनोळखी प्रोग्रामला हातच लावता येत नाही. मुलीनं वाचून, समजून घेऊन ती सोय चालू केली आणि वडिलांच्या अक्षरांचं फोल्डर तिच्यात घातलं. मला न विचारता. झालं, चाचांचं जुनं उर्दूचं सॉफ्टवेअर त्या फोल्डरमध्ये काही सेव्ह करेना. दुकानात रुक्का घ्यायला आलेली माणसं खोळंबली आणि चाचांनी मला फोन केला.

"बेटा, हे कायकू सारखं नको नको म्हणून राहिलंय?"

मी गेलो. चार गिऱ्हाइकं बाकावर बसलेली. मुलगी म्हणाली, "भैया, मीच चालू केलं ते. फक्त ह्या एका सॉफ्टवेअरला परवानगी देता येते ना? बाकी राहू द्या."

ती म्हणाली ते अगदी बरोबर होतं. देता येत होती. मला मात्र ते नीट माहीत नव्हतं, ती खिडकी मी आजवर बंद करण्यापुरतीच उघडली होती. चार माणसांसमोर विशीतली पोर मला माझं काम सांगत होती, ते मला झोंबलं. मी हसलो. "ताई, कॉलेजात शिकवतात ते वेगळं अन् बाजारात चालतं ते वेगळं," असं काहीतरी बोललो. बाकावरची माणसंही हसली. मग मी ती सोय बंद केली, आणि पुन्हा कुणी बोलवू नये म्हणून अँटिव्हायरसच्या वगळायच्या यादीत अख्खी डी ड्राइव्ह घातली. म्हणजे तिथं काहीही आलं, काहीही घडलं तरी पहारेकऱ्यानं तिकडं बघायचंच नाही. बॅकअपची बाहेरची डिस्क तेवढी तिनं काढून ठेवली होती, तीही मी परत जोडली. "लावूनच ठेवा, रोजची काढघाल कशाला!"

चाचांनी मला चहा पाजला.

दीड-दोन महिन्यांनी सकाळीच चाचांचा फोन आला. उमरीचं एक गिऱ्हाईक पेन ड्राइव्हवर मजकूर घेऊन आलं होतं. मुलीनं रोजच्यासारखी त्यातली फाईल डी ड्राइव्हवर घेतली, उघडली, आणि तासाभरात डी ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाईलच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलं. एकही उघडेना. जोडलेल्या डिस्कवरही तीच गत. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी, की फायली आमच्या कुलुपात आहेत, परत हव्या असतील तर आमच्याशी बोला.

मी खुर्चीत बसलो आणि आधी वगळायची यादी उघडली. डी ड्राइव्ह. मीच लिहिलेली. खाली इतिहासात त्या सोयीची नोंद, अमुक दिवशी, अमुक वाजता बंद केली. मी चहा पिऊन गेलो तोच दिवस. पेन ड्राइव्ह तर आमच्या गावात रोज शंभर दुकानांत लागतात. ह्याच्यासाठीच तर ती ढाल होती.

चाचा मागं उभे होते. "बेटा, हे कशानं झालं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चाचा, माझ्यामुळं झालं. मी पडद्याकडंच बघत म्हणालो, "काहीतरी नको ते उघडलं असणार. आजकाल पोरं नेटवर काय काय बघतात, आपल्याला थोडंच कळतं चाचा."

हे वाक्य मी उच्चारलं. आज लिहितानाही कान तापतात. नुसती चूक तिच्या माथी मारली नाही मी, तिच्या बापाच्या मनात एक घाणेरडा संशय सोडून दिला. ती पडद्याजवळ उभी होती, एक हात कुर्त्याच्या खिशात. मला वाटलं आता ही भांडेल, रडेल. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं.

चाचा तिला एवढंच म्हणाले, "आज से तू इधर नहीं बैठना." जन्मात कधी आवाज चढवला नव्हता त्या माणसानं, तेव्हाही चढवला नाही.

मी काय केलं असेल? "व्हायरस पसरेल" म्हणून दुपारच्या आत मशीन फॉरमॅट केलं. खरं म्हणजे ती यादी आणि ती नोंद मला पुसायची होती. कुलूपबंद फायली जपून ठेवल्या असत्या तर पुढंमागं कधी उघडल्याही असत्या. असं कधी कधी होतं. मी त्याही पुसल्या. बाहेरची डिस्कसुद्धा सोडली नाही.

चाचांनी रुक्क्याचं काम बंद केलं. दुकानात झेरॉक्सचं मशीन आलं. मुलगी कॉलेज संपवून लातूरला खालाकडं, म्हणजे मावशीकडं राहायला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. चाचा मला पहिल्यासारखंच बेटा म्हणत राहिले, पहिल्यासारखाच चहा पाजत राहिले. मी त्या गल्लीतनं जाणं टाळायला लागलो. स्वतःच्या दुकानात शिरतानाही पाटीकडं बघत नव्हतो.

दोन वर्षांनी लातूरच्या एका शिकवणीत चाळीस कॉम्प्युटर बसवायचं काम मला मिळालं. किल्लारीपासून उदगीरपर्यंतची पोरं तिथं ऑनलाईन सराव परीक्षा द्यायला येणार होती. काम संपल्यावर ताब्यात घ्यायला त्यांच्या कॉम्प्युटर विभागाच्या मॅडम आल्या, आणि त्या मॅडम म्हणजे तीच.

"सलाम भैया," ती म्हणाली, आणि पहिल्या मशीनसमोर बसली. "वगळलेल्यांची यादी दाखवा."

मी दाखवली. रिकामी होती. दुसऱ्या मशीनवर पुन्हा तेच. अशी चाळीसच्या चाळीस मशीनं तिनं बघितली, आणि प्रत्येक वेळी मी माऊस हलवत होतो. मग तिनं कागदावर सही केली, मोबाईल काढला, एक फोटो शोधला आणि माझ्यासमोर धरला.

चाचांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा पडदा होता तो. वगळायची यादी, त्यात डी ड्राइव्ह. पुढच्या फोटोत ती नोंद, तारखेसकट.

"त्या सकाळी तुम्ही यायच्या आधीच काढला होता," ती म्हणाली.

म्हणजे मी ते वाक्य बोललो तेव्हा हा फोटो तिच्या खिशात होता. त्या खिशातच तिचा हात होता.

"मग चाचांना दाखवला का नाहीस?"

"अब्बांचे हात तर गेलेच होते भैया. तुम्ही बी गेले असते." तिनं फोन आत ठेवला. "अन् मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगताल. आज न्हाई तर उद्या. मी वाट बघून राहिले."

मी म्हणालो, "तूच पाठव हा फोटो त्यांना. आत्ता पाठव."

"मी कशाला पाठवू? ते तुमचं काम हाय."

बसनं नांदेडला येईपर्यंत मी काय बोलायचं ते दहा वेळा जुळवलं, आणि दहाही वेळा त्यात माझी काहीतरी बाजू घुसत होती. अपडेटच तसा होता, सगळेच तसं करतात, सॉफ्टवेअर जुनं होतं. वाटेत लोहा आल्यावर मी जुळवायचं सोडून दिलं.

चाचा झेरॉक्सच्या मशीनमागं बसले होते. "आव बेटा, लई दिवसांनी!" मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ढाल मी बंद केली, ड्राइव्ह मी वगळली, डिस्क मी जोडली, पुसलं मी. तिनं काहीच नको ते उघडलं नव्हतं.

चाचांनी ऐकून घेतलं. मग थरथरत्या बोटांनी मुलीला फोन लावला. दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा ती बोलली तेव्हा ते म्हणाले, "बेटी, मैं तेरे को कुर्सी पर से उठाया था ना..." आणि फोन कानाला तसाच धरून ते रडायला लागले. मी बघत उभा राहिलो. दुसरं करण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाची पाटी उतरवली आणि ऑटोत घालून त्यांच्याकडं नेली. चाचांच्या हातची उरलेली तेवढीच अक्षरं मला माहीत होती. "चाचा, ही स्कॅन करून घेऊ. तिला पाठवू. जेवढी अक्षरं निघतील तेवढी."

त्यांनी पाटीवरून हात फिरवला. तेवढ्यापुरता कंप थांबल्यासारखा वाटला मला. मग त्यांनी पाटी माझ्याकडं सरकवली.

"राहू द्या," ते म्हणाले. "ह्याच्यावर तुमच्या दुकानाचं नाव हाय. लग्नाच्या रुक्क्यात ते कुठं बसणार? घेऊन जा."

आणि मी पाटी उचलत असताना विचारलं, "चहा घेता का, साहेब?"