गज मोडत नाही ती जागा

कोणताही चष्मा हातात आला की नाना तो आधी खिडकीच्या गजासमोर धरत. काचेतून दिसणारा गजाचा तुकडा बाहेरच्या गजापासून सरकलेला असे. जणू कुणी लोखंड मधेच कापून बाजूला ठेवले आहे. नाना चष्मा हळूहळू सरकवत राहत. एका जागी गज पुन्हा सलग होई. तिथे शाईचा ठिपका देत ते म्हणत, "उजेड काचेत शिरला की वाकतोच. जिथं गज मोडत न्हाय, तिथं बुबुळ आलं पाहिजे. मग काडी सोन्याची असू न्हायतर तारेची." चौकट बसली की ठिपका धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि मगच चष्मा गिऱ्हाइकाला द्यायचा.

कळंबच्या बसस्थानकासमोर त्यांचे दुकान होते. शेजारच्या वाचनालयात मी नोकरीला, म्हणून मला ते 'पुस्तकवाले' म्हणत. एकदा एका पुढाऱ्याने सत्काराला घालायला बिननंबरी चष्मा मागितला. चेहऱ्याला भारदस्तपणा हवा होता. नानांनी साध्या काचेतून गज पाहिला. "बघा पुस्तकवाले, ह्यांच्या काचेत उजेडसुद्धा वाकत न्हाय. वाकायचं काम माणसांवर सोपवलंय." पुढारी खूश झाला. त्याला ती स्तुती वाटली.

दुकानात अक्षरांचा तक्ता होता, पण नानांची शेवटची परीक्षा समोरच्या गाडीची पाटी. साडेदहाला परंड्याची गाडी लागते हे अख्ख्या तालुक्याला पाठ, त्यामुळे काही जण नाकावर चष्मा टेकण्याआधीच "परंडा!" म्हणून ठोकून देत.

"मावशी, घड्याळानं वाचू नका, डोळ्यानं वाचा," नाना दटावत.

एका बाजाराच्या दिवशी मी माझ्या नव्या चष्म्यासाठी बसलो होतो. साडेदहा वाजले होते. एक म्हातारे शेतकरी पाटी वाचत होते.

"उमरगा."

"परंडा हाय ती. नंबर वाढवावा लागतोय."

"अवो नाना, उमरगाच हाय की!"

नानांनी माझ्याकडे तोंड वळवले. परंड्याच्या जागी बाजाराची जादा गाडी उभी होती. मीही 'परंडा' म्हटले असते तर नानांची लाज राहिली असती, आणि म्हाताऱ्याच्या नाकावर चुकीचा नंबर बसला असता.

"उमरगाच आहे, नाना."

नाना बारीक हसले. "म्हंजे मीच घड्याळानं वाचलं व्हय."

म्हातारे गेल्यावर नानांनी सांगितले. त्यांच्याच डोळ्यांचा मागचा पडदा गेला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. "काच उजेडाला दारापर्यंत आणून सोडती, पुस्तकवाले. आत घेणारं कुणी तरी पाहिजे." एवढे बोलून त्यांनी माझ्या चष्म्याच्या काचा माझ्याच हातात दिल्या. "गज तुम्ही बघा."

मी काच सरकवत गेलो. गज सलग झाला तिथे बोट टेकवले. माझे नख चाचपून नानांनी ठिपका दिला. दुसऱ्या काचेलाही तसाच.

पुढच्या आठवड्यात दुकान बंद झाले. आता नानाही नाहीत. त्या दिवशी चष्मा देताना त्यांनी नेहमीप्रमाणे सोगा फिरवला, पण एक ठिपका राहून गेला. घरी येऊन आरशात पाहिले, तर तो नेमका बुबुळावर होता. काही दिवस मी तो तसाच ठेवून वाचत होतो.