मच्छीमारांना सूचना
ओल्या ताडपत्रीचा वास आला की मला भूकंपानंतरचा तो आठवडा आठवतो. लातूरकडच्या आमच्या गावात एकही घर धड उरलं नव्हतं. शेतात ताडपत्री ताणून आम्ही राहत होतो, पाऊस थांबत नव्हता आणि अंगावरचे कपडे वाळत नव्हते. शेजारच्या काकूचा मुलगा भिंतीखाली गेला होता. ती रोज संध्याकाळी वडिलांच्या रेडिओपाशी येऊन बसायची. हवामानाचा अंदाज लागला की वडील आवाज वाढवायचे, पावसाचं कळावं म्हणून. एके दिवशी आधी समुद्राचंच आलं: कोकण किनाऱ्यावर उंच लाटा उसळतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. काकूनं मान वर केली. "लाटांचं आदीच कळतंय व्हय, भाऊजी?" "हाव, कळतंय." "अन् जमिनीचं?" वडिलांनी रेडिओचं बटण उगीच फिरवलं. "जमिनीचं न्हाई कळत, वैनी." ताडपत्रीवरून ओघळणारं पाणी तिनं ओंजळीत धरलं. मग म्हणाली, "माझ्या बापानं मला समुद्राकाठी द्यायचं व्हतं." आता मी लातुरात चौथ्या मजल्यावर राहतो, दिवसभर क्लासमध्ये पोरांना लाटांचा धडा शिकवून थकून घरी येतो. फोनवर कोकणातल्या समुद्राचा इशारा आला की शेवटपर्यंत वाचतो, आणि मग पाय फरशीला टेकवून थोडा वेळ तसाच बसतो.